भूगर्भातील वायू रोखण्याच्या यंत्रणेचे काम अपुरे ठेवल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक यांस,

विषय: भोसरी येथील आमच्या व्यापारी इमारतीत फरशीखालील विषारी वायू रोखण्यासाठी आपण बसवलेल्या यंत्रणेतील त्रुटींबाबत.

संदर्भ: आपल्याशी झालेला कामाचा करार व आपण दिलेला कार्यपूर्तीचा दाखला.

महोदय,

आमच्या इमारतीच्या जागेवर पूर्वी यंत्रांच्या सुट्या भागांवरचे ग्रीस धुण्याचा कारखाना होता. त्या कामात वापरलेले ट्रायक्लोरोइथिलीन (ग्रीस विरघळवणारे, सहज वाफ होणारे विषारी रसायन) जमिनीत मुरलेले आहे हे माती आणि बोअरच्या पाण्याच्या तपासणीतून स्पष्ट झाल्यावर आम्ही गाळेधारकांनी वर्गणी काढून हे काम आपल्याकडे सोपवले. फरशीखालची हवा ब्लोअरने सतत ओढून गच्चीवर सोडत राहिले, की तिथला दाब खोलीतल्या दाबापेक्षा कमी राहतो आणि वायू फटींतून वर न येता नळीने बाहेर जातो, हे आपल्या अभियंत्यांनी आम्हाला नीट समजावून सांगितले होते आणि ते आम्हाला पटलेही होते. आमची तक्रार त्या पद्धतीबद्दल नसून, ती आमच्या इमारतीत अर्धवट राबवून काम पूर्ण झाल्याचा दाखला दिला गेला, याबद्दल आहे.

यातली सर्वांत गंभीर बाब शोषण खड्ड्यांची, म्हणजे फरशीखालची हवा ज्यांतून ओढली जाते त्या खड्ड्यांची आहे. प्लिंथ बीममुळे (जोत्याच्या आडव्या काँक्रीट तुळयांमुळे) आमच्या फरशीखालच्या सोलिंगचे, म्हणजे दगडी भरावाचे, वेगवेगळे कप्पे झालेले आहेत, आणि एका कप्प्यातून हवा ओढली म्हणून बीमपलीकडच्या कप्प्यातला वायू आपोआप ओढला जात नाही. म्हणूनच करारात चार ठिकाणी खड्डे घेण्याचे ठरले होते. प्रत्यक्षात जिन्याजवळ आणि समोरच्या पॅसेजमध्ये असे दोनच खड्डे घेतले गेले. मागच्या बाजूच्या दोन गाळ्यांत, म्हणजे पॅथॉलॉजी लॅब आणि पॅकिंग युनिटमध्ये, एकही खड्डा नाही. दाब मोजण्यासाठी फरशीला पाडलेली भोकेही आपण त्या दोन खड्ड्यांच्या शेजारीच पाडलीत. ओढा सर्वांत जास्त असणार तिथेच मोजून संपूर्ण तळमजला सुरक्षित असल्याचे प्रमाणपत्र देणे आम्हाला अजिबात मान्य नाही. आम्ही दुसऱ्या सल्लागाराकडून मागच्या गाळ्यांत भोके पाडून मोजणी करून घेतली, तेव्हा तिथे फरशीखालच्या आणि खोलीतल्या दाबात काहीही फरक आढळला नाही. आपल्या साइट इंजिनिअरसमोर पॅकिंग युनिटच्या कोपऱ्यातील फटीजवळ उदबत्ती धरली असता धूर फटीत ओढला जाण्याऐवजी वर आणि खोलीच्या आतल्या बाजूला गेला, हे त्यांनी स्वतः पाहिले आहे.

पावसाळ्यात भूजल वर आल्यावर जिन्याजवळच्या उभ्या नळीवरील ओढा मोजणाऱ्या मापकाचा आकडा वाढला, तेव्हा यंत्रणा अधिक चांगली चालत असल्याचे आपल्या सुपरवायझरने आम्हाला लेखी कळवले. हा निष्कर्ष चुकीचा आहे. शोषण खड्ड्यात पाणी भरले की ब्लोअरला हवा मिळत नाही. नळीतला ओढा आकड्यात वाढलेला दिसतो, पण फरशीखालून हवा जवळजवळ येतच नाही. म्हणजे ज्या दिवसांत यंत्रणा सर्वांत कमी काम करत होती, त्याच दिवसांचा आकडा आपण चांगल्या कामाचा पुरावा म्हणून दिलात. वायूपासून संरक्षण हाच ज्या कंपनीचा व्यवसाय आहे, तिच्याकडून असे उत्तर यावे, याचे आम्हाला फार वाईट वाटते.

ब्लोअरची जागाही अयोग्य आहे. तो गच्चीवर बसवायचा असताना वायरिंगचा खर्च वाचवण्यासाठी जिन्याखालच्या खोलीत बसवला गेला. ब्लोअरच्या पुढच्या नळीत वायू दाबाखाली असतो, त्यामुळे तिथला एखादा सांधा सैल झाला तरी जमिनीतून ओढलेला वायू थेट इमारतीत पसरतो, आणि त्या नळीचे दोन सांधे आजही सैल आहेत. गच्चीवर तीच नळी पॅथॉलॉजी लॅबच्या एसीला ताजी हवा पुरवणाऱ्या तोंडाशेजारी सोडली आहे. लिफ्टचा खड्डा आणि केबल डक्टची तोंडे लवचिक सीलंटने बंद करायची होती. त्याऐवजी सिमेंट भरले गेले आणि ते तडकले आहे.

भोसरीत गुरुवारी वीज बंद असते, हे आपल्याला ठाऊक आहे. वीज परत आल्यावर ब्लोअर आपोआप सुरू होत नाही, स्टार्टर हाताने दाबावा लागतो. आणि ब्लोअर बंद पडल्याचे कळावे म्हणून करारात लिहिलेला अलार्म आजतागायत बसवलेला नाही. एकदा शुक्रवार आणि शनिवार असे दोन्ही दिवस ब्लोअर बंद होता आणि तळमजल्यावर नेहमीप्रमाणे कामकाज चालू होते.

याबाबत फोनवर बोलताना, वास येत नसेल तर काळजीचे कारण नाही, असे आपल्याकडून सांगण्यात आले. ट्रायक्लोरोइथिलीनचा वास नाकाला जाणवतो तोपर्यंत हवेतील प्रमाण सुरक्षित पातळीच्या कित्येक हजार पट झालेले असते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने हे रसायन माणसात कर्करोग घडवते असे २०११ मध्ये जाहीर केले आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये ते पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत टाकले. ज्या माउंटन व्ह्यूच्या अनुभवाचा दाखला आपण आपल्या प्रस्तावात दिला होता, ते कॅलिफोर्नियातील शहर अमेरिकन संस्थेच्या ज्या विभागात येते, त्या विभागाने २०१४ मध्ये आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी घनमीटरला ८ मायक्रोग्रॅम इतक्या प्रमाणावरच तातडीने पावले उचलावीत असे ठरवले. त्यामागचे मुख्य कारण गर्भाच्या हृदयात दोष निर्माण होण्याची भीती हे होते, आणि हा धोका अल्पकाळाच्या संपर्कानेही संभवतो. आमच्या पॅकिंग युनिटमध्ये जवळजवळ सगळ्या तरुण स्त्रिया काम करतात. दुरुस्ती सवडीने करू, हे आपले उत्तर आम्ही त्यांना कसे सांगावे?

आपण हवेचे नमुने घेतलेत तेही सुट्टीच्या दिवशी, सर्व शटर उघडी असताना. एसी चालू आणि दारे बंद असताना, म्हणजे माणसे प्रत्यक्ष बसतात त्या स्थितीत, घेतलेले नमुनेच आम्ही ग्राह्य धरू.

सबब, राहिलेले दोन खड्डे आपण विनामूल्य घेऊन द्यावेत आणि प्रत्येक कप्प्यात, खड्ड्यापासून सर्वांत दूरच्या टोकाला, आमच्या सल्लागारासमोर दाब मोजून दाखवावा. पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी साचणार नाही अशी व्यवस्था करून ही मोजणी भर पावसाळ्यात पुन्हा करावी. ब्लोअर गच्चीवर हलवावा, वीज आल्यावर तो आपोआप सुरू व्हावा, अलार्म बसवावा, बाहेर सोडणारी नळी एसीच्या तोंडापासून दूर न्यावी आणि सिमेंट काढून सीलंट भरावे. हवेची तपासणी आम्ही निवडलेल्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून होईल व तिचा खर्च आपण द्यावा. हे सर्व होईपर्यंत पॅकिंग युनिट आम्ही पहिल्या मजल्यावर हलवत आहोत. त्या जागेचे भाडे आपल्याकडून वसूल केले जाईल आणि करारानुसार राखून ठेवलेली रक्कम दिली जाणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत कामाच्या तारखांसह लेखी उत्तर न आल्यास भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ अन्वये नुकसानभरपाईसाठी वकिलामार्फत नोटीस पाठवली जाईल. आमच्या सल्लागाराच्या मोजणीचा अहवाल, सैल सांध्यांची छायाचित्रे आणि आपल्या सुपरवायझरच्या पत्राची प्रत सोबत जोडली आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
सचिव, गाळेधारक संघ