दंड लावला आणि पालक उलट जास्त उशिरा यायला लागले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले काही दिवस वाचकांच्या पत्रांमध्ये एकच मागणी दिसतेय, दंड वाढवा. नो पार्किंगचा वाढवा, राँग साइडचा वाढवा, रस्त्यावर कचरा टाकणाऱ्याचा वाढवा, सोसायटीचा मेंटेनन्स थकवणाऱ्याचा वाढवा. राग कळतो, मलाही रोज येतो. पण मी सतरा वर्षं कर्वेनगरमध्ये पाळणाघर चालवते आणि दंड लावल्यावर चांगली शिकलेली माणसं कशी वागायला लागतात ते माझ्याच दारात बघितलंय, म्हणून लिहितेय.

आमची वेळ संध्याकाळी साडेसहापर्यंत. २२ मुलं आहेत, बऱ्याच जणांचे आईबाबा हिंजवडी नाहीतर बाणेरला कामाला, म्हणजे चांदणी चौकातून यायचं, पावसाळ्यात तर विचारूच नका, त्यामुळे कधीतरी उशीर होणार हे मी धरूनच चालते. आधी आठवड्यातून चार-पाच वेळा व्हायचं. पण जो उशिरा यायचा तो धावत यायचा, हेल्मेट डोक्यावर तसंच, "सॉरी काकू, सॉरी, मीटिंगच संपेना". पुढचे पंधरा दिवस तो माणूस बरोबर सव्वासहाला दारात.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मी नोटीस लावली, पावणेसातनंतर आलात तर ५० रुपये. वही केली, महिन्याच्या फीमध्ये लावायचे असं ठरवलं. वाटलं प्रश्न मिटला. दिवाळीपर्यंत उशिरा येणारे आठवड्याला नऊ-दहा झाले होते, आणि सॉरी बंद झालं होतं! एका आईचा, खरंच खूप चांगली मुलगी आहे ती, सहा वाजता फोन आला, "काकू, मी भाजी घेऊनच येते, आजचे ५० लावून टाका." मी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. तिचं काय चुकलं? दुकान तर मीच मांडलं होतं. अर्ध्या-पाऊण तासाचे ५० रुपये, त्यात मी आणि आमच्या मावशी दोघी थांबणार, एवढ्या स्वस्तात पुण्यात काय मिळतं सांगा.

तिचा मुलगा तेव्हा चार वर्षांचा. साडेसहा वाजले की तो सँडल घालतो, बॅग पाठीला लावतो आणि सेफ्टी डोअरच्या जाळीत बोटं अडकवून उभा राहतो. खालून स्कूटरचा आवाज आला की "आई". परत आवाज आला की परत "आई". आणि सात वाजून गेले की कुणी न सांगता सँडल काढून भिंतीशी नीट जोडीनं लावून ठेवतो. रडत नाही, काही नाही. ५० रुपयांच्या वहीत हे कुठे लिहायचं होतं मी?

माझी भाची अर्थशास्त्र शिकते, तिला हे सांगितलं तर ती म्हणाली अगं मामी, तुझी ही गोष्ट जगभर शिकवतात. इस्रायलमध्ये हैफा शहरात १९९८ साली उरी नीझी आणि आल्दो रुस्टिचिनी या दोन अर्थतज्ज्ञांनी १० पाळणाघरांत अगदी हेच करून बघितलं. वीस आठवडे नोंदी ठेवल्या. पहिले चार आठवडे नुसतं मोजलं, मग सहा पाळणाघरांत दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर मुलामागे १० शेकेल दंड लावला, बाकीच्या चार ठिकाणी काहीच केलं नाही. दंड लावलेल्या ठिकाणी उशिरा येणारे पालक जवळजवळ दुप्पट झाले. पुढची गोष्ट मला जास्त लागली, सतराव्या आठवड्यात दंड काढून टाकला तरी ते पालक पूर्वीसारखे वेळेवर आलेच नाहीत. मीही जानेवारीत दंड काढला होता आणि माझ्याकडेही तेच झालं. आधी उशीर म्हणजे काकूंना त्रास होता, मग उशीर म्हणजे ५० रुपये झाला, आणि दंड काढल्यावर तोच उशीर फुकट झाला. एकदा भाव लागला की मनातला संकोच गेला तो गेला.

पैशानं काहीच होत नाही असं मी म्हणत नाहीये. राजस्थानात उदयपूरच्या खेड्यांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे अर्थतज्ज्ञांनी सेवा मंदिर संस्थेबरोबर लसीकरणाचा प्रयोग केला होता. जिथे काही केलं नाही तिथे ६ टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण झालं, जिथे ठरल्या दिवशी नेमानं कॅम्प भरवले तिथे १८ टक्के, आणि जिथे कॅम्पबरोबर दर लसीला एक किलो डाळ आणि सगळ्या लसी झाल्या की थाळ्यांचा सेट दिला तिथे ३९ टक्के. मला यातून असं दिसतं की त्या आयांचा लसीला विरोध नव्हता, आज शेतावरचं काम सोडून कशाला, पुढच्या वेळी बघू एवढंच होतं, आणि "आजच जाऊ" म्हणायला किलोभर डाळ पुरली. म्हणजे पैसा माणसाच्या मनात आधीच जे आहे त्याला धक्का देतो का ते पुसून टाकतो, हे बघायला हवं, आणि ते न बघताच आपण दंडाचे आकडे ठरवतो.

दंड वाढवा म्हणणाऱ्यांनी न्यूयॉर्कचंही बघावं. तिथे संयुक्त राष्ट्रांत नेमलेल्या वेगवेगळ्या देशांच्या राजनैतिक अधिकाऱ्यांकडून पार्किंगचा दंड वसूलच करता येत नव्हता. १९९७ ते २००२ मध्ये दीड लाखाहून जास्त चलनं तशीच पडून राहिली, १ कोटी ८० लाख डॉलरच्या वर. कुवेतच्या अधिकाऱ्यांची माणशी वर्षाला दोनशेच्या वर, आणि स्वीडन, नॉर्वे, जपानची एकही नाही, दंड कुणालाच भरावा लागत नसताना! मग २००२ च्या शेवटी चलनं थकवणाऱ्यांच्या गाड्यांच्या खास नंबरप्लेट काढून घ्यायला सुरुवात केली आणि पार्किंगचे नियम मोडणं जवळजवळ ९८ टक्के कमी झालं. दंडाची रक्कम वाढवली म्हणून नाही, खरंच काहीतरी होतं हे कळल्यावर.

आता आपल्याकडे या. मिळकतकर थकला की महिन्याला २ टक्के शास्ती, ऐकायला कडक वाटतं, पण मधूनमधून अभय योजना येते आणि त्या शास्तीत मोठी सूट मिळते. ई-चलनाचं तेच, माझ्याकडच्या एका बाबांनी मला अगदी समजावून सांगितलं की काकू लगेच भरायचं नाही, साठू द्यायचं, लोकअदालतीत कमीत मिटतं. हा माणूस लबाड नाही हो, आयटीत चांगल्या पोस्टवर आहे, त्यानं फक्त हिशोब केलाय, आणि हिशोब त्याला आपणच शिकवलाय. मी दरवर्षी मेच्या आत कर भरते, त्याची थोडी सवलत मिळते, ठीक आहे, पण अभय योजनेची बातमी आली की माझ्यासारख्यांना मूर्ख ठरवल्यासारखं वाटतं आणि पुढच्या वर्षी त्यातले काही जण थांबून बघतात. थकबाकी वसूल करायच्या नादात पुढच्या वर्षीचे थकबाकीदार तयार होतात.

मी शेवटी काय केलं ते सांगते. पालकांची मीटिंग घेतली आणि मावशींनाच बोलायला लावलं. त्या आधी तयार नव्हत्या. मग म्हणाल्या, "पावणेसातची बस चुकली की मला धायरीला पोचायला साडेआठ होतात, पोरगी दहावीला आहे, घरात एकटी असती." बास, एवढंच. हॉलमध्ये कुणी काही बोललं नाही. आणि ज्यांना खरंच जमत नाही त्यांच्यासाठी आठ वाजेपर्यंतची वेगळी सोय केली, महिन्याला २५०० रुपये, त्यातून संध्याकाळसाठी दुसऱ्या मावशी ठेवल्या. चार घरांनी ती घेतली, त्यात ती भाजी घेऊन येणारी आईपण आहे. आता तिच्या मुलाला माहीत असतं की आई आठला येणार, तो साडेसहाला सँडल घालत नाही, खेळत बसतो. बाकीच्यांत मागच्या महिन्यात सगळे मिळून पाच वेळा उशीर झाला. एक बाबा अजूनही येतात उशिरा, त्यांच्यावर कशाचाच परिणाम नाही, असतं एखादं.

तेव्हा माझं म्हणणं असं की एकतर पूर्ण किंमत लावा आणि शंभरातल्या शंभर जणांकडून घ्या, नाहीतर आपल्यामुळे कुणाची बस चुकते ते माणसाला समोर दाखवा. मधला किरकोळ, कधी घेतला कधी माफ केला असा दंड नकोच.

तुमच्या वार्ताहरांना एक विनंती आहे. दंड एवढा झाला, तेवढा झाला अशा बातम्या येतात तेव्हा त्याच्या शेजारीच गेल्या वर्षी किती चलनं कापली, त्यातली किती वेळेत भरली गेली आणि किती नंतर सवलतीत मिटली हेही दर वेळी छापा.

आपली,
एक पाळणाघरचालक, कर्वेनगर, पुणे