तिसरा चेंडू

प्रिय सुध्या,

परवा फोनवर म्हणालो, "पोटात फुगा झालाय, काढायचाय," आणि विषय बदलला. ही शेजारीच बसली होती. आता नीट लिहितो.

तीन वर्षांपूर्वी मुतखड्याच्या शंकेने सोनोग्राफी केली. खडा सापडला नाही, पण डॉक्टरीणबाईंचा हात बेंबीच्या वर थांबला आणि तिथल्या तिथेच फिरत राहिला. महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, पोटात साधारण 2 सेंटिमीटर रुंद असते, माझी फुगून 4.1 भरली. हाच तो फुगा. तेव्हापासून दरवर्षी मोजणी. यंदा 5.6. साडेपाचच्या आत असला तर नुसतं लक्ष ठेवतात. पुढे गेला की फुटण्याची भीती ऑपरेशनच्या धोक्याहून मोठी होते. फुटला तर बरेच जण दवाखान्यापर्यंतही पोचत नाहीत.

पंचाईत अशी की काहीही दुखत नाही! रोज तासभर चालतो. फक्त रात्री उताणा पडलो की पोटावरचा हात ठोक्यागणिक हलकेच उचलला जातो. दुखत असतं तर मीच "कापा" म्हणून मागे लागलो असतो. चालत्या गाड्याला आपणच खीळ कशाला घालायची, यातच दोन महिने घालवले.

त्यात आइन्स्टाइन सापडला. त्यालाही हेच होतं. 1948 साली निसेन नावाच्या सर्जनने त्याच्या धमनीला सेलोफेन गुंडाळलं. 1955 मध्ये फुगा फुटला तेव्हा त्याने ऑपरेशनला साफ नकार दिला. आठवडाभर मी हाच दाखला तोंडावर फेकत होतो. सर्जन शांतपणे म्हणाले, "ते शहात्तर वर्षांचे होते आणि फुगा फुटलेला होता. तुमचा अजून शाबूत आहे." मग गप्प बसलो.

मला जांघेतून स्टेंट घालून हवा होता, दोन-तीन दिवसांत घरी. पण सीटी अँजिओत दिसलं की मूत्रपिंडांच्या धमन्यांखाली फुगा सुरू होईपर्यंतची सरळ मान माझी जेमतेम 6 मिलिमीटर आहे. साधा स्टेंट पकड घेणार कुठे? शिवाय तो घातला तरी गळतीसाठी जन्मभर तपासण्या आहेतच. म्हणून पोट उघडून फुग्याच्या जागी डेक्रॉनची, म्हणजे कृत्रिम कापडाची, नळी शिवायचं ठरलं. एक-दोन दिवस आयसीयू, आठवडाभर वॉर्ड, आणि पुरतं सावरायला दोन-तीन महिने.

सिगारेट सुटून सात आठवडे झाले. पहिली तूच पेटवून दिली होतीस, हे डॉक्टरांना सांगितलेलं नाही. फुप्फुसांसाठी तीन चेंडूंचं एक प्लास्टिकचं खेळणं दिलंय. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा. पहिला चेंडू टुणकन वर जातो, दुसरा कुरकुरत. तिसरा काल पहिल्यांदा जागचा हलला, आणि ही टाळ्या वाजवायला लागली. लग्नात वाजवल्या नसतील इतक्या.

बँकेची कागदपत्रं हिला दाखवून ठेवलीत. तेवढं तिने कोरड्या डोळ्यांनी ऐकलं. धाकट्यालाही सोनोग्राफीला पिटाळलं, कारण हे सख्ख्या भावंडांत असू शकतं. तूही करून घे. पासष्टी ओलांडलीस आणि माझ्याहून जास्त फुंकलीस.

ऑपरेशनला चार-पाच तास तरी लागतील. तेवढा वेळ तू हिच्याजवळ बस. जास्त बोलू नकोस, तिला गर्दी आणि धीर दोन्ही सहन होत नाहीत. आणि आइन्स्टाइनचं तिला कळू देऊ नकोस.

तुझा,
विन्या