आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: इच्छापत्र कोणत्या टेबलावर द्यायचे होते?

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

माझ्या यजमानांचे दिवसकार्य आटोपले आणि त्याच आठवड्यात आमच्या नगरपरिषदेचे पत्र आले. ‘आपल्या अर्जातील विषय या कार्यालयाशी संबंधित नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. अर्जदार हयात नाही हे त्यांना कळायचे कारण नव्हते. पण विषय त्यांचाच होता, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

यजमान एसटीत मेकॅनिक होते. गालाचा कॅन्सर. मुंबईच्या डॉक्टरांनी ‘आता घरीच न्या’ सांगितल्यावर त्यांनी शांतपणे बसून लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या उपचारांबद्दलचे इच्छापत्र, केले. श्वास थांबला तर मशीन लावू नका, नाकातून नळी घालू नका, एवढेच त्यात होते. दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, सगळे रीतसर. सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क २०१८ मध्ये दिला आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. इच्छापत्राची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याने जपून ठेवायची, असे त्यात स्पष्ट आहे. मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली तेव्हा राज्यभर चारशेच्या वर असे अधिकारी नेमल्याचे तुमच्या सरकारनेच सांगितले, हे मी पेपरात वाचले होते. त्याच भरवशावर मी प्रत घेऊन नगरपरिषदेत गेले.

पहिल्या टेबलावर सांगितले, मृत्युपत्र असेल तर दुय्यम निबंधकाकडे जा. दुसऱ्याने दोन ओळी वाचल्या आणि म्हणाला, ‘बाई, आत्महत्येची परवानगी आम्ही देत नाही.’ मुख्याधिकारी मीटिंगला. शेवटी भांडून आवकचा शिक्का मारून घेतला आणि घरी आले. त्या चारशेंपैकी आमचा अधिकारी कोण, हे मला आजतागायत कुणी सांगितलेले नाही. नेमणूक कागदावर करायची आणि ज्याला नेमले त्यालाही कळवायचे नाही, याला काय म्हणावे?

आता वेदनेबद्दल. हा कॅन्सर माणसाला आतून कुरतडतो, तोंड उघडत नाही, पाण्याचा घोटसुद्धा आग लावतो. यजमानांचे बोलणे बंद झाले तेव्हा मी शाळेच्या दिवसांतली एक पाटी काढून दिली. घरी आलेल्या डॉक्टरांसमोर त्यांनी तिच्यावर लिहिले, ‘एक इंजेक्शन द्या, सोडवा.’ डॉक्टर भले माणूस, खाली बघत राहिले. असे इंजेक्शन दिले तर आपल्याकडे तो गुन्हा, आणि रुग्णाने स्वतःच्या हाताने घ्यावे म्हणून औषध लिहून दिले तरी भारतीय न्याय संहितेचे कलम १०८, आत्महत्येला मदत केल्याबद्दल दहा वर्षांपर्यंत कैद. त्यांना मी दोष देत नाही.

तीव्र वेदना थांबवणारे मॉर्फिन मात्र डॉक्टर देऊ शकले असते, पण ते आमच्या तालुक्यात नाही. नशेच्या औषधांचा कायदा २०१४ मध्ये बदलला तो नेमका अशा रुग्णांना मॉर्फिन सहज मिळावे म्हणून. दहा वर्षांहून जास्त काळ लोटला. ग्रामीण रुग्णालयात विचारले तर माझ्याकडे संशयाने पाहिले. देशात ज्यांना अशी वेदनाशामक सेवा लागते त्या शंभरांतल्या जेमतेम दोन-चार जणांना ती मिळते, असे तज्ज्ञच सांगतात. मुलाने दुसऱ्या जिल्ह्यातून गोळ्या आणल्या. त्यानंतर यजमान उठून बसले, पातळ पेज प्यायले, नातवाच्या वहीतले शुद्धलेखन पाटीवर सुधारून दिले. त्या दिवसांत त्यांनी एकदाही मरण मागितले नाही.

पुढे गाठ फुटली, रक्त घशात उतरू लागले, आणि गोळी असूनही त्यांनी पुन्हा पाटीवर लिहिले, ‘पुरे.’

अमेरिकेत ओरेगनमध्ये १९९७ पासून, नेदरलँड्समध्ये २००२ पासून, कॅनडात २०१६ पासून मरणाच्या दारातल्या रुग्णाला डॉक्टरची मदत मागता येते. विरोधक म्हणतात, म्हाताऱ्याकोताऱ्यांवर दबाव येईल, सातबाऱ्यावर नाव लागण्यासाठी घाई करणारे निघतील. हे खोटे नाही, अशी घरे मी पाहिली आहेत. तरीही त्या शेवटच्या ‘पुरे’ला कायद्यात जागा असली पाहिजे, या मताची मी आहे. पण त्याआधी मॉर्फिन. दुखणे थांबवायची सोय न करता मरणाची परवानगी दिलीत, तर गरीब माणूस केवळ असह्य होते म्हणून मरण मागेल आणि तुम्ही त्याला त्याची इच्छा म्हणाल. पहिले ‘सोडवा’ तसले होते. दुसरे नव्हते. हा फरक रुग्णाच्या उशाशी बसलेल्यालाच कळतो, म्हणून ही चर्चा फक्त वकिलांवर सोडू नका.

त्या रात्री श्वास अडकला तेव्हा मुलगा घाबरून त्यांना खासगी रुग्णालयात घेऊन गेला. मी नोटरी केलेला कागद दाखवला. ‘पोलीस केस होईल’ म्हणून त्यांनी तो हातातही घेतला नाही. व्हेंटिलेटर लावला, नाकातून नळी घातली. मशीन लावायचे की काढायचे याचा निर्णय दोन वैद्यकीय मंडळांनी बघून द्यायचा, दुसऱ्या मंडळातला डॉक्टर जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याने द्यायचा, त्यांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे, हा न्यायालयाचा नियम तिथे कुणाच्या कानावर नव्हता. शेवटी आम्ही डामा घेतला, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी न्यायचा कागद सही केला. घरी आणल्यावर तासाभरात ते गेले. रुग्णालयाच्या कागदावर लिहिले आहे, ‘नातेवाइकांच्या हट्टामुळे, वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध.’ नवऱ्याची लेखी इच्छा पाळली, तर माझ्या नावावर हा शेरा.

पैसे संपले की डामा घेऊन मरायला घरी आणलेली किती माणसे या राज्यात असतील, ते एकदा मोजा. आपल्याकडचे खरे दयामरण हे आहे आणि त्याला कोणत्याही मंडळाची परवानगी लागत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग हल्ल्यानंतर १९७३ पासून २०१५ पर्यंत खाटेवर होत्या, त्यांच्यावरून देशाने वाद घातला, न्यायालयाने २०११ मध्ये निकाल दिला. विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न-औषध सोडून देह ठेवला तेव्हा आपण हात जोडले. एसटीचा मेकॅनिक ‘नळी नको’ म्हणाला की ती आत्महत्या?

आणि हा कॅन्सर आला कुठून? गुटखाबंदी २०१२ ची. आमच्या डेपोसमोरच्या टपरीवर पुडी कालही लटकत होती. कोण पोचवतो, कोण हप्ता घेतो, हे सगळ्या गावाला माहीत आहे, फक्त सरकारला नाही. २०२५ पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेऊ, असे केंद्राचे धोरण २०१७ मध्ये म्हणाले होते. कुठे गेले ते? तुमच्यापैकी कुणी आजारी पडले की मुंबईतल्या पंचतारांकित रुग्णालयाची खोली तयार असते. तालुक्याच्या रुग्णालयात एकदा रात्र काढून दाखवा.

प्रत्येक नगरपरिषदेच्या दारावर इच्छापत्र स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव लावा. दुसऱ्या मंडळासाठी जिल्हावार डॉक्टरांची यादी जाहीर करा. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात मॉर्फिन आणि ते द्यायला शिकलेली एक नर्स ठेवा. मग विधिमंडळात डॉक्टरांच्या मदतीने मरणाची चर्चा लावा. मला बोलावलेत तर मी येईन.

आमच्याच गल्लीत आणखी एकाला हाच आजार आहे. त्यांच्या मुलाने परवा मला विचारले, मॉर्फिन कुठे मिळेल? त्याला आमच्या तालुक्यातला पत्ता हवा आहे. तो याच आठवड्यात कळवा.

एक निवृत्त शिक्षिका,
सांगली जिल्हा