त्या रात्रीच्या डोंग्याबद्दल

नागपूर,
22 मार्च 2025

प्रिय बाल्या,

फोनवर सांगून मोकळा झालो असतो, पण तू मधेच "हो बे, आठवते ना" म्हणतोस आणि गोष्ट तुझ्या ताब्यात जाते. म्हणून लिहायला बसलो. शिवाय हे प्रकरण सुरूच एका पत्रानं झालं होतं, तेव्हा मिटायचं तर पत्रानंच मिटावं. ते कसं, पुढे कळेल.

आईला घेऊन आलापल्ली, भामरागड, सिरोंचा असा फेरा मारून आलो. चार दिवस, हजाराच्या आसपास किलोमीटर. दोन वर्षं मी तिच्या मागे लागलो होतो आणि दोन वर्षं तिचं एकच उत्तर, "तिथं काय पाहायचं रे आता?" मग गेल्या महिन्यात भाजी निवडता निवडता म्हणाली, "सिरोंच्याला पूल झाला म्हणे. तो दाखवतोस का?" मला वाटलं, पाघळली. मी लगेच तीन गावांचा बेत आखला. तिनं फक्त पूल मागितला होता, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

गडचिरोली सोडेपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. चामोर्शीच्या पुढे आष्टी, आणि तिथून सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक. एकामागे एक, एकामागे एक. रस्त्याकडेची झाडं लाल धुळीनं माखलेली, पळस फुललाय की धूळ बसलीय ते कळू नये. पण आलापल्ली जवळ आली तशी सागाची रानं लागली. मार्चमधला साग तुला आठवत असेल, एक पान नाही अंगावर, आणि खाली पानांचा असा थर की ससा धावला तरी माणूस चालल्यासारखा आवाज. मोहाखालचा पाला जाळून जागा स्वच्छ करून ठेवलेली. फुलं नुकती पडायला लागली होती. काच खाली केली आणि तो वास आला. आई म्हणाली, "डोकं दुखतं या वासानं. तेव्हाही दुखायचं." तेव्हाही दुखायचं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

आपल्या क्वार्टरांची ओळ अर्धी पाडलीय. तुमचं घर गेलं, आमचं उभं आहे, पण कौलं जाऊन पत्रे आलेत. आता तुझ्या आवडत्या भांडणाचा निकाल: चिंच तुमच्याच अंगणात होती. बुंधा तोडलाय, खुंट शिल्लक आहे, आणि तो कुंपणाच्या तुमच्या बाजूला स्पष्ट चार हात आत आहे. चाळीस वर्षं मी खोटं बोललो. चिंचा मात्र परत मिळणार नाहीत.

डेपोवरूनही गेलो. लाकडाच्या थप्प्या तशाच, बुंध्यांवर आकड्यांचे शिक्के तसेच. आपण त्या शिक्क्यांवरून बेरजेच्या पैजा लावायचो. शाळेपाशी थांबल्यावर मला एकदम 1982 चा तो ऑगस्ट आठवला. 26 तारखेला चंद्रपूरचे दोन तुकडे होऊन गडचिरोली जिल्हा झाला, आणि गुरुजींनी फळ्यावर नवा पत्ता लिहून दिला. तू पुढे वर्षभर वह्यांवर "जि. चंद्रपूर"च लिहीत राहिलास, कारण तुझ्या म्हणण्यानुसार आपल्याला कोणी विचारलं नव्हतं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मला तर ते कळलंही नाही. पाणी आणायला विहिरीवर तीन खेपा असायच्या."

असंच चाललं होतं सगळीकडे. मी एक काढायचो, ती त्याच्या खालचं दुसरं काढायची. वनवैभवात मी मान वर करून तो जुना साग बघत होतो. सहा हेक्टरांचा तो तुकडा 1953 पासून राखून ठेवलाय आणि आता त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जाही आहे, अशी माहिती तिला देत होतो. ती खाली बघत होती, सापासाठी. कमलापूरच्या हत्ती कॅम्पचं नाव काढलं तर सरळ नाही म्हणाली.

भामरागडला आपण कोणी राहिलो नव्हतो, बाबाच एक पावसाळा होते. 1984 चा. पर्लकोटेला पूर आला की गाव तुटायचं, आणि ते वारंवार तुटायचं. अजूनही तुटतं म्हणे, दर पावसाळ्यात बातमी असते. बाबा त्या बदलीला "काळ्या पाण्याची" म्हणायचे आणि हसायचे, म्हणून आम्हीही हसायचो. आई हसायची की नाही ते मी कधी पाहिलं नाही. संगमावर गेलो. इंद्रावती, पामुलगौतमी, पर्लकोटा, तिन्ही नद्या मार्चमध्ये अगदी शहाण्या मुलींसारख्या. पलीकडे छत्तीसगड. आई दगडावर बसून म्हणाली, "इथं मी मीठ, काड्यापेट्या आणि क्लोरोक्विन पाठवायची. कोणी जाणारा मिळाला की. उत्तर पंधरा दिवसांनी यायचं, तेव्हा कळायचं की पंधरा दिवसांपूर्वी ठीक होते." बस, एवढंच. हेमलकशाला लोकबिरादरीचा दवाखाना दाखवला, तेव्हा मात्र बराच वेळ उभी होती. 1973 पासून आहे ना तो, तिनं विचारलं. मी हो म्हटलं. मग गाडीत येऊन बसली.

आलापल्ली ते सिरोंचा शंभर किलोमीटर आहे, आणि त्यावर मी स्वतंत्र पत्र लिहू शकतो, पण ते शिव्यांचं होईल. रेपनपल्ली, उमानूर, जिमलगट्टा, बामणी. रस्ता कुठे नवा, कुठे खणलेला, कुठे नुसताच आशेवर. जागोजागी पोलीस मदत केंद्रं आणि मोबाइलचे मनोरे. लाल गाडीत उलट्या करत आपण याच रस्त्यानं गेलो होतो, 1985 च्या उन्हाळ्यात, तू आम्हाला पोचवायला आलास आणि परत जायला गाडी नाही म्हणून आठ दिवस राहिलास.

आता मूळ मुद्दा.

मी तुला सिरोंच्याहून एक आंतरदेशीय पत्र लिहिलं होतं. 1987, दिवाळीच्या आधी. त्यात मी रात्री डोंग्यातून, म्हणजे लाकडी होडीतून, प्राणहिता नदी ओलांडल्याची गोष्ट होती. आभाळभर चांदण्या, नावाड्यानं मला वल्हं मारू दिलं, मोठा मासा उडाला, पलीकडे आंध्रात जाऊन मंचेरियालला आगगाडी पाहिली. ही गोष्ट मी पुढे कॉलेजात सांगितली, लग्नानंतर बायकोला सांगितली, पोरांना तर पाठ आहे. तू स्वतः ती माझ्यापेक्षा चांगली सांगतोस.

सिरोंच्यात आईनं क्वार्टर बघायला नकार दिला. गाडीतून उतरलीच नाही. म्हणाली, "अक्कांकडे चल." अक्का म्हणजे आमच्या मागच्या घरातल्या, तेलुगू बोलणाऱ्या. त्यांच्याकडूनच आई तेलुगू शिकली होती. घर सापडलं, आता स्लॅबचं आहे. अक्का गेल्या, बरीच वर्षं झाली. सून होती, अंगणात मिरच्या वाळत टाकत होती. आणि बाल्या, ही आपली आई, जिला परवाचं जेवण आठवत नाही, ती तिच्याशी घडाघडा तेलुगूत बोलायला लागली. चुकत असणार, कारण ती बाई हसत होती, पण अडत नव्हती.

मग आईनं पिशवीतून आमचा गंज काढला, भात-खिचडीचं पातेलं. तो पितळी, पोचा आलेला. तू नागपूरला यायचास तेव्हा त्यातली खिचडी कितीदा खाल्लीस. मी म्हटलं, हा का आणलास? म्हणाली, "त्यांचाच आहे." आणि सुनेच्या हातात दिला. सुनेला काही कळेना. मलाही.

तिथून पुलाकडे निघालो, प्राणहितेच्या. पुलाच्या अलीकडे मला म्हणाली, "हळू चालव," आणि मोठ्यानं आकडे मोजायला लागली. एक, दोन, तीन. मला वाटलं, खांब मोजते आहे. पलीकडे पोचलो तेव्हा ती नव्वदीपर्यंतही गेली नव्हती. गाडी बाजूला घ्यायला लावली. खाली नदी म्हणजे वाळूच जास्त. 2019 ला खाली मेडीगड्ड्याला बॅरेज झालं तेव्हा पाणी मागे इथवर चढायचं, 2023 ला त्याचे खांब खचले आणि पाणी सोडून दिलं, असं तिथं मासे विकणारा एक जण सांगत होता. आई त्याचं ऐकतही नव्हती. वाळूकडे बघून म्हणाली, "एवढीशी होती?"

मग तिनं सांगितलं. मी तुला तिच्या शब्दांत देतो, जमेल तेवढं.

मला तीन दिवस ताप होता. थंडी वाजून यायचा. तिसऱ्या संध्याकाळी झटका आला, डोळे वर गेले. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, इथं ठेवू नका, पलीकडे न्या. बाबा दौऱ्यावर, जंगलात. निरोप द्यायला माणूसच नाही. आई मला खांद्यावर घेऊन घाटावर गेली, तेरा वर्षांच्या घोड्याला, आणि अक्का मागून आल्या. त्यांच्या हातात तो गंज होता, कारण त्या भात वाढत होत्या तशाच उठून आल्या. नावाड्यांनी डोंगे बांधून टाकलेले. सप्टेंबरचा महिना, वर कुठे तरी पाऊस झालेला, पाणी चढत होतं. आदल्याच वर्षी, 1986 च्या ऑगस्टात, गोदावरीचा तो महापूर सगळ्यांनी पाहिला होता. कोणी हात लावेना. अक्का त्यांच्या झोपडीपुढे उभ्या राहून तेलुगूत जे काही बोलल्या त्यातलं आईला निम्मं कळलं आणि तेवढं ती मला सांगायला तयार नाही. दोघे जण उठले. दोन डोंगे शेजारी शेजारी बांधले.

"आभाळ गच्च होतं," ती म्हणाली. "एक चांदणी नव्हती." मी जे चांदणं म्हणून चाळीस वर्षं वाटत फिरलो तो नावाड्याचा कंदील असणार. माझं डोकं तिच्या मांडीवर, डोंग्यात पाणी येत होतं आणि अक्का त्या गंजानं ते बाहेर फेकत होत्या. तोच आवाज बहुतेक माझा मासा. वल्ह्याचं मी विचारलं नाही.

"मी आकडे मोजत होते. म्हटलं, मोजत राहिले तर काही होणार नाही. बाराशेपर्यंत मोजले. मग चुकले, तर पुन्हा एकापासून सुरू केलं."

पलीकडे अर्जुनगुट्ट्याला उतरून पहाटेपर्यंत बसलो, मग चेन्नूरला जाणारा एक ट्रक मिळाला, तिथून मंचेरियाल. अकरा दिवस दवाखान्यात. आगगाडी मी पाहिलेली नाही, शिट्टी तेवढी खिडकीतून ऐकू यायची. घाईत गंज आईच्या पिशवीत आला तो आलाच. परत गेल्यावर ती द्यायला गेली तर अक्का म्हणाल्या, राहू दे, त्यात भात शिजवून घाल त्याला. पुढच्या उन्हाळ्यात आमची बदली झाली.

मी विचारलं, इतकी वर्षं बोलली का नाहीस? मी ती गोष्ट सगळ्यांना सांगायचो, तू समोर बसलेली असायचीस. तर म्हणाली, "तू इतकं छान सांगत होतास."

नंतर तिनं मला पुलावरून परत न्यायला लावलं, आणि पुन्हा आणायला लावलं. तीनदा गेलो-आलो. तिसऱ्यांदा ती मोजत नव्हती, दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून कालेश्वरच्या दिशेला हात जोडत होती आणि मला विचारत होती की चहा कुठे बरा मिळेल. मी मात्र मनात मोजत होतो.

परत निघताना अक्कांच्या सुनेनं गाडी थांबवली. रिकामं भांडं कसं परत घ्यायचं, म्हणून तिनं गंज लाल मिरच्यांनी शिगोशीग भरून आईच्या मांडीवर ठेवला. घ्यायचा आहे तो तुम्हीच, म्हटलं तर ऐकेना. आलापल्लीपर्यंत आई कुरकुरत होती, "पुन्हा माझ्याच गळ्यात आला हा." मिरच्यांनी गाडीत तिघांनाही, म्हणजे आम्हा दोघांना आणि गंजाला, ठसका लागल्यासारखं झालं होतं.

आता तुझं काम. तू कागद फेकत नाहीस, हे मला माहीत आहे. तुझ्या बायकोची तीच तक्रार आहे. ते निळं आंतरदेशीय कुठे तरी ट्रंकेत असेल. असलं तर पाठव, फोटो नको, पत्रच पाठव. आईनं मागितलंय. तिला त्यातलं चांदणं माझ्या अक्षरात बघायचं आहे.

तुझा,
लंब्या

ता. क. मिरच्यांचा वाटा बांधून ठेवलाय. जपून वापर, मी पहिल्या दिवशी दोन टाकल्या आणि घरात कोणी जेवलं नाही.