उन्हाने उठणारे पुरळ: मलमाआधी घड्याळ बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काळवंडलेल्या त्वचेवर लिंबू चोळण्याचा सल्ला उन्हाळी पुरवण्यांत हमखास असतो. तो छापू नये. लिंबाच्या रसात आणि विशेषतः सालीत फ्युरोकुमारिन असते. ते अंगावर असताना ऊन लागले की एक-दोन दिवसांत कातडी भाजल्यासारखी लाल होते, फोडही येतात, आणि मागे राहिलेला तपकिरी डाग महिनोन्‌महिने हटत नाही. कोडावर लावतात त्या बावचीच्या तेलातही याच जातीचे द्रव्य असते. म्हणूनच ते लावून किती मिनिटे उन्हात बसायचे, हे डॉक्टरांनी ठरवायचे असते.

‘उन्हाची ॲलर्जी’ या एका नावाखाली निरनिराळी दुखणी येतात. ती ओळखायची ती वेळेवरून आणि जागेवरून. उन्हात जाताच काही मिनिटांत गांधी उठल्या आणि सावलीत काही तासांत विरल्या, तर ते उन्हाचे पित्त. दंडावर, हाताच्या बाहेरच्या बाजूला, मानेमागे बारीक खाजरे पुरळ काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी उठले आणि आठवडाभर टिकले, तर बहुधा पॉलिमॉर्फस लाइट इरप्शन. हे ऊन तापू लागताना जास्त दिसते. पुढे त्वचा सरावते. चेहरा रोजच उन्हात असल्याने पुष्कळदा सुटतो.

पापण्या, कानामागची जागा, कोपराची खोबण, म्हणजे ऊन नीट पोहोचत नाही तिथेही खाज-सूज असेल, तर शेताच्या बांधावरचे गाजरगवत आठवा. उपटून वाळलेल्या गवताचा चुराही त्रास देतो. काही औषधेही त्वचेला ऊन सोसू देत नाहीत: लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस) तापासाठी दिलेली डॉक्सीसायक्लिन, रक्तदाबाच्या गोळीतले हायड्रोक्लोरोथायझाइड, गुडघ्याला चोळायचे कीटोप्रोफेनचे जेल. रक्तदाबाची गोळी मात्र परस्पर बंद करू नका.

सनस्क्रीन फसते ते प्रमाणात. चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी व मधल्या बोटावर बुडापासून टोकापर्यंत दोन रेघा एवढे लागते; वाटाण्याएवढ्याने एसपीएफ ३० चा आकडा नावापुरता उरतो. बाहेर पडण्याआधी १५-२० मिनिटे लावा, दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर पुन्हा. शिवाय एसपीएफ मुख्यतः यूव्ही-बी या अतिनील किरणांपासूनच्या संरक्षणाचे माप आहे. दुसरे अतिनील किरण, यूव्ही-ए, गाडीच्या बाजूच्या काचेतून आत येतात, म्हणून चालकाच्या उजव्या हातावर काच वर असूनही पुरळ उठते. त्यासाठी ‘पीए’पुढे किमान तीन अधिकचिन्हे असलेली ट्यूब घ्यावी. पातळ ओढणीपेक्षा घट्ट विणीची पूर्ण बाही बरी, आणि तिला खर्चही नाही.

दुकानातून विचारून आणलेली स्टेरॉइड-मिश्रित ट्यूब चेहऱ्याला नको. चार दिवस बरे वाटते, मग कातडी पातळ होते, आणि थांबवताच लाली दुप्पट होते. हातावरच्या पुरळासाठी डॉक्टर पाच-सात दिवस स्टेरॉइड देतात, ती गोष्ट वेगळी.

गालांवर-नाकावर लाली, सोबत सांधेदुखी, तोंडात फोड किंवा केस गळणे असेल, तर मलमे बदलत बसू नये; ल्युपससाठी (शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते तो आजार) एएनए ही रक्ततपासणी लगेच करून घ्यावी.

– एक त्वचारोगतज्ज्ञ, सांगली