पॅसेजएवढ्या जागेत माझे कराटे टिकवणाऱ्या ताईंस

तीर्थस्वरूप ताई यांस,
सादर नमस्कार.

आपण रुग्णालयातील नोकरीतून निवृत्त होऊन गावी गेलात, आणि निरोपाच्या गडबडीत मला जे बोलायचे होते ते राहूनच गेले. ते फोनवर सांगता आले असते. परंतु मोठ्या उमेदीने क्लासला येऊन चार-सहा महिन्यांत यायच्या बंद होणाऱ्या बायका मी दर वर्षी पाहते, आणि आपण मला जे दाखवून दिले ते त्यांच्याही उपयोगी पडेल असे वाटल्यामुळे हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

मी कराटे सुरू केले ते अडतिसाव्या वर्षी, मुलीला नौपाड्यातील क्लासला सोडायला जाता जाता. पहिले पाच महिने आठवड्यातून तीन संध्याकाळी मी नेमाने येत होते. मग आमचे कार्यालय फोर्टला हलले. सीएसएमटीहून जलद लोकल मिळाली तरी ठाण्याच्या पुलावरची गर्दी ओलांडून, वाटेत भाजी घेऊन घरी पोचेपर्यंत पावणेआठ होत, आणि क्लास तर सातला सुरू होत असे. काही दिवस ओढाताण केली, नंतर ड्रेस कपाटाच्या वरच्या फळीवर गेला. सरांना काय सांगायचे ते न सुचल्यामुळे मी त्यांचे फोनही घेईनाशी झाले, याची मला आजही खंत वाटते.

आपण मला कचराळी तलावाच्या फेरीवर भेटलात ती सकाळ माझ्या चांगली लक्षात आहे. आपण रात्रपाळी संपवून परस्पर तिकडे आला होतात. मी माझे रडगाणे सांगितले तेव्हा आपण शांतपणे विचारलेत, “क्लास सुटला ते कळलं. घरी काय करतेस?” माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण सभागृह, सरांची मोजणी आणि तीसजणांचा एकत्र आवाज याखेरीज सराव असू शकतो हे माझ्या मनातच आले नव्हते.

पुढच्या रविवारी आपण घरी आलात, चहाही न घेता बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघराकडे जाणारा आमचा पॅसेज पावलाला पाऊल लावून मोजलात, आणि म्हणालात, “तेक्की बसेल.” हेयान मालिकेतील काता, म्हणजे एकट्याने ठरावीक क्रमाने करायच्या वार-ब्लॉकच्या रचना, पुढे-मागे आणि दोन्ही बाजूंना वळत जातात, त्यांना मोकळी जागा लागते, तेक्की शोदान, म्हणजे पहिली तेक्की, मात्र घोड्यावर बसल्यासारख्या किबादाची पवित्र्यात, एकाच सरळ रेषेत, आडवीच सरकते. तिचे बहुतेक वार आणि ब्लॉक कडेला किंवा अंगासरशी असल्यामुळे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले तरी हात भिंतीला लागत नाही. आमच्या क्लासमध्ये ही काता ब्राउन बेल्टच्या, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या आधीच्या टप्प्याच्या, सुमारास शिकवतात, म्हणून आपण आधी सरांची परवानगी घेतलीत, आणि ओकिनावातील शुरीच्या परंपरेत पूर्वी शिष्याला हीच काता सर्वांत आधी शिकवत असत हेही सांगितलेत. सरांनी होकार तर दिलाच, वर रविवारी सकाळी दीड तासाचा क्लास असतो आणि त्याला येत जा, असा निरोपही पाठवला. मी फोन न घेतल्याचा उल्लेखसुद्धा त्यांनी केला नाही.

त्याच दिवशी आपण आमच्या कालनिर्णयच्या पानावर पेन्सिलीने हिशेब मांडलात. रविवारची ९० मिनिटे आणि उरलेल्या सहा दिवसांची रोज १०, म्हणजे १५०. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान तेवढ्याच मध्यम व्यायामाची शिफारस करते, हे आपण रुग्णांना सांगत असाल त्याच स्वरात मला सांगितलेत. माझ्या दृष्टीने मात्र त्या आकड्याहून मोठी गोष्ट ही होती की दहा मिनिटे कुठून काढायची ते आपण माझ्यावर सोडले नाहीत. कुकर लावल्यापासून तिसरी शिट्टी होईपर्यंतचा वेळ तेक्कीचा. सकाळी दूध मंद आचेवर ठेवले की ते वर येईपर्यंत ओट्यापाशीच किबादाची. गुडघे आत पडू द्यायचे नाहीत, पायाच्या बोटांच्या दिशेनेच बाहेर ढकलायचे. लोकलमध्ये उभे राहावे लागले तर कसलाही पवित्रा घ्यायचा नाही, फक्त वजन दोन्ही पायांवर सारखे ठेवायचे आणि गुडघे ताठ धरायचे नाहीत. या सगळ्याला नवा वेळ लागला नाही. जो वेळ मी गॅसपाशी नुसती उभी राहून घालवत होते, त्यालाच काम मिळाले.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजारी आजोबा राहतात, त्यामुळे पाय आपटण्याची सोय नव्हती. त्यावर आपण प्रत्येक पाऊल पाण्यात टाकल्यासारखे संथ टाकायला लावलेत. त्या संथपणाने माझ्या चुका उघड्या पाडल्या. वेगात केलेल्या हालचालीत तोल गेलेला कळत नाही. संथ हालचालीत मागचा हात कमरेपाशी वेळेवर आला नाही, की आडवे पाऊल टाकताना डोके वर-खाली झाले, ते लगेच जाणवते. जुलैत पॅसेजभर दोऱ्यांवर ओले कपडे असत, आणि ते डोक्याला लागू नयेत म्हणून मी आपोआप खाली बसू लागले. सरांनी त्या महिन्यात माझा पवित्रा सुधारल्याचे सांगितले, त्याचे श्रेय मी त्या दोऱ्यांनाही देते.

गणपतीत घर पाहुण्यांनी भरले आणि पाच दिवस काहीच झाले नाही, तेव्हा मी पुन्हा खचले होते. आपण मला फुनाकोशी गिचिन यांच्याविषयी सांगितलेत ते तेव्हाच. १९२२ मध्ये टोकियोत कराटेचे प्रात्यक्षिक दाखवणारा हा माणूस तरुणपणी ओकिनावात शाळामास्तर होता. दिवसभर मुलांना शिकवून रात्री कंदिलाच्या उजेडात गुरूंच्या घरी जात असे, आणि तेक्कीच्या तीन काता शिकण्यात त्याची सुमारे दहा वर्षे गेली. “त्यालाही नोकरी होती,” एवढेच आपण म्हणालात. दहा वर्षांच्या हिशेबात माझे पाच दिवस कुठे बसतात ते मला न सांगता समजले.

आपण एका बाबतीत मला कधीही सवलत दिली नाहीत, आणि त्याबद्दल मी विशेष ऋणी आहे. पॅसेजमधला सराव पुरेसा आहे असे आपण एकदाही म्हटले नाहीत. समोर माणूस असल्याशिवाय अंतराचा अंदाज येत नाही, दुसऱ्याचा पंच खरोखर आपल्याकडे येत असताना डोळे उघडे ठेवणे भिंतीसमोर शिकता येत नाही. त्यासाठी रविवार चुकवायचा नाही, हे आपण प्रत्येक वेळी बजावलेत. घरच्या दहा मिनिटांनी मी रविवारपर्यंत शिकलेले विसरत नाही आणि रविवारी आठवडाभराच्या चुका दुरुस्त होतात, असे ते दुहेरी चालले आहे. आपण स्वतः तीन पाळ्यांची नोकरी करून हे अठरा वर्षे सांभाळलेत, म्हणूनच आपले सांगणे मला पटले. रिकामा वेळ असलेल्या कुणी तेच सांगितले असते तर मी ऐकले नसते.

या वर्षी माझा ग्रीन बेल्ट झाला. आजोबांच्या सुनेने परवा जिन्यात विचारले की अलीकडे सराव बंद आहे का, कारण वरून काहीच ऐकू येत नाही. ते ऐकून मला परीक्षेच्या निकालाइतकाच आनंद झाला. तेक्कीत पाय झटकन वर उचलून पुन्हा जागेवर ठेवण्याची जी क्रिया आहे, नामी-गाएशी, ती उजव्या बाजूला आता जमते; डावीकडे मात्र अजूनही खांदा हलतो आणि त्याचे कारण मला सापडत नाही. पुढच्या वेळी ठाण्याला याल तेव्हा एकदा पॅसेजच्या टोकाशी उभ्या राहून पाहाल का? चहा मात्र या वेळी घ्यावाच लागेल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली कृतज्ञ,
नौपाड्यातील रविवारच्या क्लासची एक विद्यार्थिनी