उज्जूस पत्र: हे-ऑन-वाय आणि अण्णांचं कपाट

बर्मिंगहॅम,
२२ जून

प्रिय उज्जू,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. ‘अण्णांच्या पुस्तकांचं काय करू ते तूच सांग, रद्दीवाला दोनदा येऊन गेलाय’ ही शेवटची ओळ वाचल्यापासून मनातून जात नव्हती. फोन करणार होते. पण फोनवर मी ‘देऊ नकोस’ एवढंच म्हटलं असतं, तू ‘मग ठेवू कुठं’ म्हणाली असतीस, आणि दोघी गप्प बसलो असतो. म्हणून सवडीनं लिहिते आहे.

गेल्या शनिवारी मी हे-ऑन-वाय नावाच्या गावाला जाऊन आले. २०१७ च्या दिवाळीत आपण भिलारला गेलो होतो, आठवतं? पुस्तकांचं गाव सुरू होऊन सहाच महिने झाले होते, मे महिन्यात उद्घाटन झालेलं. ज्या घराच्या ओसरीवर आपण कवितांची पुस्तकं घेऊन बसलो, तिथल्या काकूंनी चहा देताना सांगितलं होतं, ‘असं एक गाव इंग्लंडात आहे म्हणे, त्यावरून आपल्याकडं आलं हे.’ ते गाव हेच. वेल्समध्ये आहे, पण अगदी इंग्लंडच्या शिवेवर. इतकी वर्षं इथं राहून मी गेले नव्हते, तुझ्या पत्रामुळं गेले.

बर्मिंगहॅमहून हेरफर्डपर्यंत आगगाडी आणि पुढं तासाभराची बस. हेरफर्डला बसला वेळ होता म्हणून कॅथीड्रलमध्ये शिरले, आणि तिथं जे पाहिलं ते तुला आधी सांगायला हवं. तिथं साखळ्यांनी बांधलेल्या पुस्तकांचं ग्रंथालय आहे. कपाटं १६११ सालची, पुस्तकं त्याहून कितीतरी जुनी, काही हस्तलिखितं तर हजार-बाराशे वर्षांपूर्वीची. प्रत्येक पुस्तकाच्या पुठ्ठ्याला, पुढच्या कडेला, एक लोखंडी साखळी. तिचं दुसरं टोक कपाटाच्या आडव्या गजात अडकवलेलं, आणि गजाला कुलूप. साखळी पुढं असल्यामुळं पुस्तकं उलटी लावावी लागतात: पाठ आत, पानांच्या कडा आपल्याकडं. म्हणजे फळीवर एकाही पुस्तकाचं नाव दिसत नाही. काढून खालच्या मेजावर ठेवलं की वळवावं न लागता सरळ उघडतं, साखळीचा गुंता होत नाही. किती विचार केलाय बघ, पुस्तक वाचता तर यावं पण नेता येऊ नये!

मी तिथं उभी होते आणि मला अण्णांचं कपाट दिसत होतं. सागवानी, काचेच्या दारांचं, किल्ली त्यांच्या जानव्याला. आणि आतल्या बाजूला त्यांच्या टपोऱ्या अक्षरात चिकटवलेला तो श्लोक, जुन्या पोथ्यांच्या शेवटी असायचा तो:

तैलाद् रक्षेत् जलाद् रक्षेत् रक्षेत् शिथिलबन्धनात् ।
मूर्खहस्ते न दातव्यम् एवं वदति पुस्तकम् ॥

तेलापासून जप, पाण्यापासून जप, ढिल्या बांधणीपासून जप, मूर्खाच्या हाती देऊ नकोस. आपण सातवी-आठवीत होतो आणि ‘मूर्ख म्हणजे आपणच’ असं समजून कपाटाला हात लावायला भीत होतो.

आता हे-ऑन-वायबद्दल. लोकवस्ती जेमतेम दोन हजाराची, आणि पुस्तकांची दुकानं वीसेक. पूर्वी याहून जास्त होती म्हणतात. वाय नदी, पलीकडं हिरवे डोंगर, मधोमध चढावर एक जुना किल्ला, त्याच्या पायथ्याशी उतरत्या अरुंद गल्ल्या. सगळं सुरू झालं ते रिचर्ड बूथ या माणसापासून. १९६२ च्या सुमारास त्यानं गावातल्या जुन्या अग्निशामक केंद्रात पहिलं दुकान टाकलं. त्याच सुमारास रेल्वे बंद झाली. शेतीवर भागत नव्हतं, पोरं गाव सोडत होती. यानं काय केलं, तर अमेरिकेत बंद पडत चाललेल्या ग्रंथालयांची पुस्तकं घाऊक विकत घेतली आणि कंटेनर भरभरून या खेड्यात आणली. त्याच्याकडं काम शिकलेल्यांनी पुढं आपापली दुकानं काढली. मग १ एप्रिल १९७७ ला त्यानं गाव स्वतंत्र राज्य झाल्याचं जाहीर केलं आणि स्वतःला राजा म्हणवून घेतलं. वर्तमानपत्रांनी ते जगभर नेलं आणि माणसं यायला लागली. २०१९ मध्ये तो गेला. मला तो फार मोठा माणूस वाटतो. टाकून दिलेल्या पुस्तकांवर एक गाव जगू शकतं, हे त्यानं करून दाखवलं.

त्याच्या नावाचं दुकान लायन स्ट्रीटवर आहे. लाकडी जमीन, माडीवर जायचे जिने, ठिकठिकाणी जुन्या आरामखुर्च्या. मी वरच्या मजल्यावर खिडकीशी तासभर बसले, कुणी ‘काय हवंय’ म्हणून विचारायला आलं नाही. जुन्या चित्रपटगृहातही एक मोठं दुकान आहे. एक फक्त कवितेचं, एक फक्त गुन्हेगारी कथांचं, एक मुलांच्या जुन्या पुस्तकांचं. कवितेच्या दुकानात मी जपून गेले, कारण तिथून रिकाम्या हातानं निघणं मला जमत नाही. दोन पुस्तकं घेतलीच.

एका छोट्या दुकानातल्या बाई बोलक्या होत्या, साठीच्या पुढच्या. मी सरळच विचारलं, एवढी पुस्तकं येतात कुठून? म्हणाल्या, बहुतेक घरांतून. कुणी गेलं की मुलं फोन करतात, आम्ही जाऊन बघतो. त्यांच्यासमोर तेव्हाच एक खोकं उघडलेलं होतं. त्या एकेक पुस्तक काढायच्या, आधी पाठीवरून हात फिरवायच्या, मग पानं अंगठ्याखालून सोडायच्या, आत काही ठेवलंय का पाहायला. एकातून बसचं तिकीट निघालं. त्यांनी ते पाहिलं आणि होतं त्याच पानात परत ठेवलं. मग पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरात किंमत लिहिली. आधीच्या मालकाचं नाव शाईनं लिहिलेलं होतं, त्याला धक्का लावला नाही. मी विचारलं, नाव असलं तर लोक घेतात? म्हणाल्या, काही जण तेवढ्यासाठीच घेतात.

उज्जू, मला तिथं रडू आलं. अण्णांचं ‘क्र. अमुक, वि. गो., वाई’ डोळ्यांसमोर आलं. प्रत्येक पुस्तकाच्या सतराव्या पानावर. सतरावंच पान का, हे आपण कधी विचारलं नाही.

आणि मग किल्ला. किल्ल्याच्या भिंतीशी, उघड्यावर, लाकडी फडताळं मांडली आहेत. वर जरासं छप्पर, बाकी वारा-पाऊस सगळं येतं. दुकानदार नाही. एक पाटी आणि एक पैशांची पेटी. पुस्तक घ्यायचं, पाटीवर लिहिलेले पैसे पेटीत टाकायचे, जायचं. त्याला ‘ऑनेस्टी बुकशॉप’ म्हणतात. सकाळी साखळ्या बघून आलेली मी, दुपारी तिथं पोचले. दोन्हींत तीसेक किलोमीटरचं अंतर. मी बराच वेळ बाजूच्या बाकावर बसून पाहत होते. एका आजोबांनी चार पुस्तकं घेतली, नाणी मोजली, कमी पडली असावीत, एक पुस्तक परत ठेवलं. कुणी बघत नव्हतं. माझ्याकडंही त्यांनी पाहिलं नाही.

मी तिथून पक्ष्यांचं एक पुस्तक घेतलं. ओलीनं पानं थोडी फुगलेली, म्हणून स्वस्त. उघडलं तर समासात जागोजागी पेन्सिलीच्या नोंदी: तारीख, जागा, कधी एखादा शब्द. खंड्याच्या चित्राशेजारी लिहिलंय, ‘१४ मे, पुलाखाली. शेवटी एकदाचा दिसला.’ त्याखाली निळ्या बॉलपेननं, लहान मुलाच्या वेड्यावाकड्या अक्षरात दुसरी तारीख, ‘मलाही.’ एवढंच. ती दोन माणसं कोण, एका घरातली की एकमेकांना कधी न भेटलेली, काही कळायला मार्ग नाही. नदीकाठी मोठं कुरण आहे, द वॉरन नावाचं. तिथं गवतावर लोक पालथे पडून वाचत होते. मी तिथं संध्याकाळच्या बसपर्यंत बसले. खंड्या काही दिसला नाही. आपल्या घाटावर रोज दिसायचा.

आता अण्णांच्या पुस्तकांचं. रद्दीवाल्याला किलोवर देऊ नकोस, हे तर झालंच. पण ‘जपून ठेव’ असंही मी म्हणणार नाही. अण्णांनी तेल, पाणी आणि बांधणी या तिन्हींपासून पुस्तकं जन्मभर जपली, आणि ते बरोबरच होतं. चौथ्या गोष्टीपुरतं मात्र मला आज त्यांच्याशी भांडावंसं वाटतं. हात मूर्ख आहे की नाही हे पुस्तक दिल्याशिवाय कळणार कसं? भिलारच्या त्या काकूंनी आपली जात-गाव न विचारता दोघींना ओसरीवर बसवलं आणि शेताकडं निघून गेल्या होत्या. घर उघडं, पुस्तकं उघडी. तिथं विकत काहीच नाही, वाचायचं आणि जागेवर ठेवायचं. हे-ऑन-वायला सगळं विकाऊ. पण दोन्हीकडं पुस्तकाला हात लागतो.

तुझी पुढची खोली रिकामीच असते. विश्वकोशाचे खंड तिथंच राहू देत. १९७६ ला पहिला आला तेव्हापासून एकेक खंडाची अण्णांनी वाट पाहिलीय, ते हलवायला माझं मन होत नाही. बाकीची दोन फळ्यांवर मांड आणि रविवारी सकाळी दार उघडं ठेव. शेजारच्या शाळेतली मुलं येतील. पहिले दोन-तीन रविवार कुणी येणार नाही, तयारी ठेव. संस्कृतची आणि जुन्या व्याकरणाची पुस्तकं मुलं नेणार नाहीत, ती पुण्याच्या जुन्या पुस्तकवाल्यांना आधी दाखवू. घाई करू नकोस, मी डिसेंबरात येते आहे, दोघी मिळून करू. एकच: आत चिठ्ठ्या, तिकिटं, पानं निघाली तर काढू नकोस. आणि अण्णांचं नाव कुठंही खोडू नकोस.

आणखी एक सांगायचं राहिलंय. कधीचंच राहिलंय. अण्णांची देवघेवीची वही असेल, लाल बांधणीची. तिच्यात १९९४ चं पान काढ. मे महिन्यात माझं नाव आहे, क्र. ३१२. दहावीची परीक्षा संपल्यावर त्यांनी आपण होऊन कपाट उघडलं आणि एक पुस्तक माझ्या हातात ठेवलं होतं. परत दिल्याच्या रकान्यात काही नसेल. आधी वाचून झालं नाही, मग आम्ही साताऱ्याला गेलो, मग लाज वाटायला लागली. पुढं मी तुमच्याकडं शंभरदा आले, जेवले, पण अण्णांनी एकदाही विचारलं नाही. ते पुस्तक माझ्याबरोबर पुण्यात होतं, इथं आल्यावरही माझ्या उशाशी आहे. आत्ता समोर ठेवूनच लिहिते आहे. सतराव्या पानावर त्यांचं नाव आहे.

डिसेंबरात घेऊन येते. तो रकाना तू भरू नकोस, मी भरीन.

आणि हो, पाऊस सुरू झाला असेल. पुस्तकांची खोकी जमिनीवर असतील तर आजच्या आज खाली विटा आणि फळी घाल, आणि भिंतीपासून हातभर लांब घे. मागच्या भिंतीला ओल येते, ते मला अजून आठवतंय.

तुझी,
मीना